नागीण, सर्प आणि हर्पीस

'हर्पीस' आणि 'सर्प' हे दोन शब्द सख्खे नसले तरी चुलतभाऊ नक्कीच आहेत, हे तुम्हाला माहीत होतं का? मला परवापरवापर्यंत नव्हतं. ग्रीक भाषेत 'हेर्पो' म्हणजे सरपटणं. आपल्या संस्कृतातला 'सृप्' धातू, त्यावरून आलेला सर्प, लॅटिनमधला 'सेर्पेन्स' आणि इंग्रजीतला सर्पंट, ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी. मूळ शब्दातला 'स' ग्रीकांकडे जाताना 'ह' झाला, एवढंच. (सप्ताहातला 'सप्त' तिकडे 'हेप्टा' होतो, तसंच.) आयुर्वेदात अंगावर पसरत जाणाऱ्या त्वचेच्या रोगांना 'विसर्प' म्हणतात, तेही याच धातूवरून. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'हर्पीस झोस्टर' असं लिहिलेलं असतं आणि घरातली म्हातारी माणसं 'नागीण झालीय' म्हणतात, तेव्हा दोघंही तेच म्हणत असतात. उगाच एकाला शास्त्र आणि दुसऱ्याला अडाणीपणा म्हणायची काही गरज नाही.

'झोस्टर'ची गंमत वेगळी. झोस्टर म्हणजे ग्रीक योद्ध्याचा कमरपट्टा. इंग्रजीतलं 'शिंगल्स' हे नावही लॅटिनमधल्या कमरपट्ट्यावरूनच आलंय. जर्मन लोक या आजाराला 'पट्ट्यासारखा गुलाब' अशा अर्थाचं नाव देतात (यांना यात गुलाब कुठे दिसला कोण जाणे!). अरबीत 'आगीचा पट्टा' म्हणतात आणि डेन्मार्कमध्ये थेट 'नरकाची आग'. ज्यांनी हे दुखणं भोगलंय त्यांना डॅनिश नाव सगळ्यात पटेल. आणि स्पेनमध्ये? 'कुलेब्रिया', म्हणजे छोटी सापीण. पोर्तुगीजमध्ये 'कोब्रेरो'. हा शब्द 'कोब्रा'वरून आलेला, आणि पोर्तुगीजमध्ये कोब्रा म्हणजे कुठलाही साप. फण्याच्या नागाला ते 'टोपीवाला साप' म्हणत. हिंदुस्थानात आलेल्या पोर्तुगिजांकडून ते नाव इंग्रजांनी उचललं, त्यातली टोपी गळून पडली आणि कोब्रा तेवढा राहिला.

तर हे सगळं शोधत बसायचं कारण म्हणजे आमची कराडची काकू. 2019 च्या पावसाळ्यात तिला नागीण झाली. वय तेव्हा बाहत्तर. आधी तीन दिवस उजव्या बरगडीखाली नुसतं दुखत होतं. तिला वाटलं पित्त असेल, नाहीतर गव्हाचा डबा उचलताना लचक भरली असेल. चौथ्या दिवशी पुरळ उठलं आणि मग पाण्याने भरलेले फोड. काकूने ते दोन दिवस पदराखाली झाकून ठेवले. कारण काय, तर घरात चुलतबहिणीच्या डोहाळजेवणाची तयारी चालली होती आणि 'ऐन कार्यात माझं नको' हा तिचा स्वभाव.

कळलं तेव्हा घरात दोन पक्ष पडले. शेजारच्या आजी म्हणाल्या, "नागिणीचं तोंड आणि शेपूट एकत्र यायच्या आत उतरवून घ्या, नाहीतर माणूस हाताला लागत नाही." मग एक गृहस्थ आले. त्यांनी फोडांच्या दोन्ही बाजूंना गेरूने रेघा मारल्या, काहीतरी पुटपुटले आणि नागिणीचं डोकं 'कापलं'. दुसऱ्या पक्षाला वेगळीच काळजी होती. बहीण सातव्या महिन्यात होती, तिला लागण झाली तर? काकूची रवानगी मागच्या खोलीत झाली. तिचं ताट वेगळं, चादर वेगळी. डोहाळजेवणाच्या दिवशी ती दाराच्या फटीतून ओटीभरण बघत होती. नंतर मला म्हणाली, "फोडांचं काही नाही रे, पण लेकीची ओटी लांबून बघायची म्हणजे..."

त्यामुळे माझ्या डोक्यात दोन प्रश्न बसले ते बसलेच. एक, तोंड-शेपटाची ही गोष्ट आली कुठून? आणि दोन, काकूला मागच्या खोलीत ठेवायची खरंच गरज होती का?

पहिल्याचं उत्तर शोधताना मी थेट रोमला पोचलो. थोरला प्लिनी नावाचा रोमन ग्रंथकार (इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला तोच) लिहून ठेवतो की झोस्टर माणसाच्या मध्यावर येतो आणि त्याने पूर्ण वेढा घातला तर माणूस मरतो. साप नाही, पण वेढा तोच! पोर्तुगाल आणि ब्राझीलच्या खेड्यापाड्यांत तर हुबेहूब आपलीच समजूत आहे. डोकं शेपटाला भेटलं की माणूस गेला. आणि तिथेही कोब्रेरो 'कापणारे' असतात, हातात सुरी घेऊन प्रार्थना म्हणत. कराडच्या त्या गृहस्थांना आणि ब्राझीलच्या एखाद्या आजीबाईंना समोरासमोर बसवलं तर भाषेची अडचण सोडली तर बाकी सगळं जमेल.

आता हा वेढा कधी पूर्ण का होत नाही, याचं उत्तर मिळायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. पुरळ मज्जातंतूंच्या वाटेने उठतं असा अंदाज लंडनच्या रिचर्ड ब्राइटने 1831 मध्ये मांडला होता. बर्लिनच्या फेलिक्स फॉन बेरेनस्प्रुंगने 1860 च्या दशकात शवविच्छेदन करून दाखवलं की बिघाड कातडीत नसून पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठीत असतो. कण्याच्या दोन्ही बाजूंना अशा गाठींची रांग असते. उजवीकडची गाठ उजव्या अंगाच्या एका पट्ट्याची खबर मेंदूला देते, डावीकडची डाव्या. आजार बहुतेक वेळा एकाच गाठीत उफाळतो, म्हणून फोडही एकाच बाजूच्या एकाच पट्ट्यात येतात आणि पोटाच्या किंवा पाठीच्या मध्यरेषेवर येऊन थांबतात. म्हणजे नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भेटत नाहीत, कारण ती अर्ध्याच अंगाची मालकीण असते. गेरूच्या रेघा मारणाऱ्याला कायम यश का येतं, तेही यातच आलं. (प्रतिकारशक्ती फारच खालावलेली असेल तर फोड अंगभर पसरू शकतात आणि तेव्हा प्रकरण खरंच गंभीर असतं. कदाचित त्या जुन्या भीतीत अशा एखाद्या रोग्याची आठवण असेल. हा माझा अंदाज.)

पुढचं काम केलं हेन्री हेड आणि ए. डब्ल्यू. कॅम्पबेल या जोडीने. 1900 साली त्यांचा मोठा निबंध आला. साडेचारशेच्या आसपास रुग्णांच्या नोंदी आणि त्यातल्या 21 जणांची शवविच्छेदनं. कुठल्या गाठीचा कातडीचा पट्टा कुठून कुठपर्यंत जातो याचा नकाशा त्यांनी नागिणीच्या फोडांवरून काढला. जिवंत माणसाच्या मज्जातंतूंचा नकाशा या आजाराने आयताच अंगावर काढून दिला होता, तो फक्त उतरवून घ्यायचा होता. हा हेड विलक्षणच माणूस. वेदना म्हणजे काय हे रुग्ण नीट सांगू शकत नाहीत म्हणून 1903 मध्ये त्याने स्वतःच्या हातातला मज्जातंतू कापून घेतला आणि संवेदना कशी परत येते ते चार-पाच वर्षं मित्राकडून तपासून घेतलं. आमच्या काकूला हे सांगितलं तर म्हणाली, "त्याच्या बायकोने काही बोललं नाही का?"

असो. दुसरा प्रश्न लागणीचा, आणि माझ्या मते खरा इतिहास तिथेच आहे.

1880 च्या दशकाच्या अखेरीला बुडापेस्टमधल्या यानोश बोकाय या बालरोगतज्ज्ञाच्या लक्षात एक गोष्ट आली. घरातल्या मोठ्या माणसाला नागीण झाली की थोड्याच दिवसांत मुलांना कांजिण्या येतात. नागीण नाही, कांजिण्या! एकदा दिसलं तर योगायोग म्हणावं, पण हे पुन्हा पुन्हा दिसत होतं. हे दोन आजार एकाच विषाचे असावेत असं त्याने मांडलं आणि 1909 मध्ये ते जर्मनमधून पुन्हा लिहिलं. बऱ्याच जणांना पटलं नाही. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. एक आजार पोरांचा, अंगभर येणारा, खाजरा आणि आठवड्यात विसरला जाणारा. दुसरा म्हाताऱ्यांचा, एका पट्ट्यातला, आगीसारखा. एकाच बीजाची ही दोन झाडं कशी?

1920 च्या दशकात व्हिएन्नाच्या कुंड्राटित्झने नागिणीच्या फोडातलं पाणी कांजिण्या न आलेल्या मुलांना टोचून पाहिलं, आणि मुलांना कांजिण्यांसारखे फोड आले. पुरावा पक्का होता, पण वाचताना अंगावर काटा येतो. कुणाची मुलं होती ती? आज अशा प्रयोगाला कुणी परवानगी देणार नाही, आणि देऊही नये. पुढे 1950 च्या दशकात बोस्टनच्या थॉमस वेलरने दोन्ही आजारांचे विषाणू प्रयोगशाळेत पेशींवर वाढवले आणि ते एकच असल्याचं दाखवलं. (पोलिओचा विषाणू असाच वाढवल्याबद्दल 1954 चं नोबेल मिळालेल्या तिघांपैकी हा एक.)

पण एक गाठ सुटायची राहिली होती. विषाणू एकच, हे ठीक. पण म्हाताऱ्या माणसाकडे तो येतो कुठून? नातवाच्या कांजिण्यांतून नव्याने लागतो, की...?

इथे माझा आवडता माणूस येतो, एडगर होप-सिम्प्सन. हा ना कुठल्या विद्यापीठात प्राध्यापक, ना मोठ्या इस्पितळात. इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर नावाच्या छोट्या गावात दवाखाना चालवणारा साधा फॅमिली डॉक्टर. साडेतीन हजारांच्या आसपास माणसं त्याच्या यादीत. आपल्याकडे गावातल्या डॉक्टरला कसं सगळ्यांचं सगळं माहीत असतं, कुणाच्या सुनेला काय झालं, कुणाच्या आजोबांना कधी झालं होतं, तसंच याचं. फरक एवढाच की हा सगळं लिहून ठेवायचा. 1947 ते 1962 अशी सोळा वर्षं त्याने आपल्या गावातल्या नागिणीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली. एकूण 192.

मधेच 1953 मध्ये तो स्कॉटलंडच्याही वर, शेटलंड बेटांपैकी येल नावाच्या बेटावर गेला. कारण साधं होतं. शहरात कोण कुणाला भेटलं याचा हिशोब लागत नाही, बेटावर लागतो. तिथल्या घराघरांत जाऊन त्याने विचारपूस केली. नागीण झालेल्यांना कांजिण्या आधी कधीतरी होऊन गेलेल्याच होत्या. पण नागीण होण्याआधी त्यांच्या आसपास कांजिण्यांचा रुग्ण असायलाच हवा, असं मात्र दिसेना. म्हणजे विषाणू बाहेरून आलाच नव्हता. तो आतच होता!

1965 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने सगळं एकत्र मांडलं. लहानपणी कांजिण्या बऱ्या होतात तेव्हा विषाणू मरत नाही. तो मज्जातंतूंतून मागे मागे जात कण्यालगतच्या गाठीत जाऊन झोपतो. शरीराचा पहारा जागा आहे तोवर पन्नास-साठ वर्षं गप्प राहतो. वय वाढलं, पहारा ढिला पडला की त्याच वाटेने पुन्हा कातडीकडे येतो. त्याच्या नोंदींत सगळ्या वयांचे मिळून वर्षाला दर हजारी साधारण 3.4 जणांना नागीण होत होती, पण ऐंशीच्या पुढे तोच आकडा हजारी दहावर जात होता. त्याने हिशोब मांडला की हजार माणसं पंच्याऐंशी वर्षांची होईपर्यंत जगली तर त्यातल्या निम्म्यांना एकदा नागीण होऊन गेलेली असेल आणि दहा जणांना दोनदा.

मला यातली सगळ्यात सुंदर वाटलेली गोष्ट पुढे आहे. गोवर छोट्या बेटावर टिकत नाही. सगळ्यांना होऊन गेला की संपतो, मग बाहेरून बोट येईपर्यंत पुन्हा नाही. कांजिण्या मात्र टिकतात. कारण सगळी पोरं बरी झाली तरी विषाणू आजी-आजोबांत झोपलेला असतो. वीस वर्षांनी आजीला नागीण होते, मांडीवरच्या नातवाला तिच्यापासून कांजिण्या होतात आणि गाडी पुन्हा सुरू. एका पिढीचा ऐवज दुसऱ्या पिढीला देण्याची ही विषाणूची तऱ्हा. जीन तपासण्याची सोय झाल्यावर 1984 मध्ये एकाच माणसाच्या कांजिण्यांतला आणि नंतरच्या नागिणीतला विषाणू ताडून पाहिला, तर तो तोच निघाला. गावच्या डॉक्टरचं म्हणणं खरं ठरलेलं बघायला होप-सिम्प्सन हयात होता. तो 2003 मध्ये गेला, वय 95.

आता काकूच्या मागच्या खोलीबद्दल. नागीण दुसऱ्याला नागीण म्हणून लागत नाही. फोडातल्या पाण्याचा संसर्ग झाला तर ज्याला कधीच कांजिण्या आलेल्या नाहीत किंवा लस मिळालेली नाही, त्याला कांजिण्या होऊ शकतात. फोडांवर खपल्या धरल्या की तोही धोका संपतो, आणि तोवर फोड कापडाने नीट झाकून ठेवले तर तो बराच कमी होतो. गरोदर बाईला स्वतःला कांजिण्या होऊन गेल्या असतील तर सहसा काळजीचं कारण नसतं. नसतील तर मात्र खरंच जपायला हवं. आणि आपल्याकडे हा प्रश्न फालतू नाही, कारण उष्ण प्रदेशांत कांजिण्या पुष्कळांना मोठेपणी होतात, म्हणजे लग्नाच्या वयापर्यंत न झालेल्या मुली बऱ्याच सापडतात. माझ्या चुलतबहिणीला तिसरीत असताना सडकून कांजिण्या आल्या होत्या. वार्षिक परीक्षा बुडाली होती आणि अंगणातल्या कडुनिंबाचा पाला तिच्या अंथरुणाखाली घालणारी काकूच होती. घरातल्या सगळ्यांना हे माहीत होतं. फक्त त्याचा या नागिणीशी काही संबंध आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. डोहाळजेवणात काकू फोड झाकून पुढे बसली असती तरी चाललं असतं.

काकूचे फोड तीन आठवड्यांत गेले. राहिली ती आग. फोड गेल्यावरही तीन महिन्यांपेक्षा जास्त दुखत राहिलं तर डॉक्टर त्याला वेगळं नाव देतात. विषाणू मज्जातंतू पोळून जातो आणि तो तंतू मग काही नसताना खोट्या बातम्या पाठवत राहतो. वय जितकं जास्त तितकी ही शक्यता जास्त. काकूला दीड वर्ष ब्लाउजची शिवण सहन होत नव्हती, घरात ती काकांचे जुने मलमलचे सदरे घालायची. पंख्याचा वारा लागला तरी कळ यायची. नागिणीवर विषाणूविरोधी औषध आहे, असायक्लोव्हिर. गर्ट्रूड एलियनच्या चमूने ते शोधलं, तिला 1988 चं नोबेल मिळालं. पण ते पुरळ उठल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू झालं तर त्याचा खरा उपयोग. काकूच्या बाबतीत दोन दिवस पदराखाली गेले आणि दोन गेरूत. (कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर एक दिवसही थांबायचं नसतं, डोळ्याला धोका असतो. नाकाच्या शेंड्याची ही खूण लंडनच्या हचिन्सनने एकोणिसाव्या शतकातच सांगून ठेवलीय.)

लसीची गोष्टही एका घरातूनच सुरू होते. ओसाकाचे मिचिआकी ताकाहाशी 1964 मध्ये अमेरिकेत काम करत असताना त्यांच्या लहान मुलाला कांजिण्यांनी फार छळलं. रात्र रात्र जागून काढलेल्या त्या बापाने पुढे 1974 मध्ये कांजिण्यांची लस तयार केली. ज्याच्या फोडातून विषाणू घेतला त्या तीन वर्षांच्या मुलाचं आडनाव ओका, म्हणून तो 'ओका' वाण. तोच वाण किमान चौदा पट ताकदीने वापरून 2006 मध्ये अमेरिकेत नागिणीची पहिली लस आली. अडतीस हजारांवर माणसांवर ती तपासली होती आणि तिने नागीण निम्म्याने कमी केली. 2017 मध्ये दुसरी, जिवंत विषाणू नसलेली लस आली, दोन डोसांची. ती नव्वद टक्क्यांहून जास्त परिणामकारक ठरली आणि पहिली लस 2020 मध्ये अमेरिकेतल्या बाजारातून गेली. या नव्या लसीत प्रतिकारशक्तीला डिवचणारा एक घटक चिलीमधल्या एका झाडाच्या सालीतून काढतात. ते झाड आपल्या रिठ्यासारखं, साल पाण्यात घुसळली की फेस येतो. भारतात ही लस 2023 च्या एप्रिलमध्ये आली, पन्नाशीच्या पुढच्यांसाठी. स्वस्त अजिबात नाही.

एप्रिल 2025 मध्ये वेल्समधला एक अभ्यास छापून आला, तोही सांगण्यासारखा. तिथे 2013 मध्ये जुनी लस द्यायला सुरुवात केली तेव्हा नियम असा की 2 सप्टेंबर 1933 ला किंवा नंतर जन्मलेल्यांना मिळेल, त्याआधीच्यांना कधीच नाही. म्हणजे आठवड्याच्या फरकाने जन्मलेली, बाकी सगळ्या बाबतींत सारखी माणसं, एक गट लसीचा आणि एक बिनलसीचा. सात वर्षांत लस घेतलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंश साधारण पाचव्या हिश्श्याने कमी दिसला. असं का, यावर अजून वाद चालू आहेत.

काकांनी हे वाचून दोन्ही डोस घेतले. पहिल्यानंतर दोन दिवस दंड दुखला आणि अंगात कणकण होती, म्हणून काकूने त्यांना मऊ भात करून घातला. स्वतः तिने अजून घेतलेली नाही. नागीण होऊन गेलेल्यांनीही घ्यावी असं डॉक्टर म्हणतात, पण "आधी पावसाळा संपू दे" असं तिचं चाललंय.